विहिरीतलं कासव आणि माझे गप्पी मासे

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी आमच्या वडिलांना विचारलं, "मुलगा नेमकं काय करतो?"

"सरकारी नोकरीत आहे," वडील म्हणाले.

"ते कळलं हो. पण करतो काय?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी आढ्याकडे. शेवटी मीच सांगून टाकलं, "डास पकडतो." मामांना वाटलं, मुलगा थट्टेखोर दिसतोय, आणि थट्टेखोर जावई त्यांना चालणार होता. लग्न झालं. पहिल्या दिवाळसणाला मी सासुरवाडीच्या गोठ्यात शिरून नळीभर डास धरून आणले तेव्हा कुठे मंडळींची खात्री पटली. पण तोवर वेळ निघून गेली होती.

माझा हुद्दा होता कीटक समाहारक. हा शब्द उच्चारून झाला की समोरचा माणूस पुढे काही विचारत नसे, एवढा त्याचा उपयोग. साठच्या दशकात आमच्या पालघर भागात हिवतापाविरुद्ध जोरात मोहीम चालू होती. फवारणीच्या टोळ्या गावोगाव हिंडून घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. मारत. काही कर्मचारी घरोघर जाऊन "ताप कोणाला?" असं विचारत, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेत आणि कडू गोळ्या देत. ही सगळी मंडळी माणसांकडे जायची. मी डासांकडे जायचो.

काम सकाळी उजाडता उजाडता. हातात बॅटरी आणि एक काचेची नळी. नळीला मागे रबरी नळी जोडलेली, मध्ये बारीक जाळीचा तुकडा. गोठ्यात किंवा घराच्या काळोख्या कोपऱ्यात भिंतीवर डास बसलेला दिसला की नळीचं तोंड अलगद त्याच्यावर न्यायचं आणि रबरी नळीतून तोंडाने हवा ओढायची. डास काचेत येतो. जाळी असते म्हणून पुढे तोंडात येत नाही. जाळी फाटलेली असली तर येतो, आणि त्याची चव काही खास नसते.

सगळेच डास गुन्हेगार नसतात. हिवताप पसरवणारा डास वेगळा, आणि त्यातही चावते ती फक्त मादी. ती भिंतीवर बसते तीच तिरकी, बूड वर करून. बाकीचे डास भिंतीशी समांतर बसतात. ही मादी तापाच्या माणसाचं रक्त पिते, त्यातून रोगाचे जंतू तिच्या पोटात जातात, तिथे काही दिवस वाढतात, आणि मग ती ज्याला चावेल त्याला ताप. म्हणजे तापाला एका माणसातून दुसऱ्या माणसात जायला हिचंच वाहन लागतं. हवेने तो येत नाही, काकडी खाऊन येत नाही, कोणाला बाहेरचं लागलं म्हणूनही येत नाही. एवढं सांगायला मला अर्धं आयुष्य लागलं. तरी काकडीचं अजून कोणी पूर्णपणे मानलेलं नाही.

रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते. म्हणून फवारणी भिंतीवर. पण मला हळूहळू फवारलेल्या भिंतींवरही जिवंत डास सापडायला लागले होते, अगदी आरामात बसलेले. मी ते नळीत भरून पालघरच्या कचेरीत नेऊन ठेवले की तिथे कोणाला आनंद होत नसे.

लोकांना मात्र माझी कीव यायची. तारापूरच्या मोठ्या बांधकामावर लांबून आलेले मजूर बोईसरकडे झोपड्या बांधून राहत. त्यातल्या एकाने मला गोठ्यात नळी ओढताना पाहिलं आणि बराच वेळ विचार करून विचारलं, "बाबूजी, इसकी तनखा मिलती है?" मी हो म्हटलं. तो गेला आणि आणखी चौघांना बघायला घेऊन आला. बेटेगावच्या एका आजीने तर माझ्यासाठी आगपेटीत डास साठवून ठेवले होते. सगळे हाताने चापट मारून चपटे केलेले. "घे पोरा," ती म्हणाली, "तुजं काम हलकं केलं. रोज वाकून वाकून कंबर जाईल तुजी." चिरडलेल्या डासाचा मला काडीचा उपयोग नव्हता, तो कुठल्या जातीचा हेही त्यावरून कळत नाही. पण ती आगपेटी मी खिशात घातली आणि तिच्या हातचा चहा घेतला. दुसरं काय करणार?

आता मुख्य हकीकत. ती एडवणची आहे.

एडवणला समुद्राच्या अंगाला जनूभाऊंची वाडी होती. पानवेली, केळी, थोडी सुपारी. जनूभाऊ साठीचे, काटक, बोलायला मोजके. घरात त्यांची बायको द्वारकाकाकी, एक मुलगा आणि सून सुमन. मुलगा आठवड्यातले बरेच दिवस पानांचे करंडे घेऊन मुंबईच्या बाजारात. सुमनला हिवतापाने धरलं होतं. एक दिवस थंडी वाजून ताप, एक दिवस बरं, पुन्हा थंडी. गोळ्या घेतल्या की जायचा आणि काही आठवड्यांनी परत यायचा. आदल्या वर्षी ती गरोदर होती तेव्हा याच तापात तिचं मूल पोटातच गेलं होतं. आता पुन्हा तिला पाचवा महिना लागला होता आणि पुन्हा ताप सुरू झाला होता. गरोदर बाईला हिवताप किती वाईट हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्या घराला तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. काकी मला ओटीवर बसवून म्हणाल्या, "तुमी गोळ्या देता, त्या ती घेते. पण येतोय कुठून हा ताप? ते बगा."

ते बघणं हेच माझं काम. घर फवारलेलं होतं. मी घरामागच्या विहिरीत बादली सोडली आणि वर काढून पाहिली. हिवतापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी, अगदी सपाट पडून असते. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. माझ्या बादलीत सगळ्या आडव्या होत्या, आणि पुष्कळ होत्या.

पूर्वी या विहिरीवर रहाट होता. रेडा दिवसभर फिरायचा, पाणी ढवळून निघायचं. मग जनूभाऊंनी वाडीच्या दुसऱ्या टोकाला नवी विहीर खणून तिच्यावर इंजिन बसवलं आणि जुनी नुसती घरच्या पाण्याला ठेवली. रहाट गेला, पाणी निवांत झालं, दगडांच्या फटींतून नेचे माजले. डासांना याहून चांगलं बाळंतघर मिळालं नसतं. पिण्याच्या पाण्यात औषध किंवा तेल ओतता येत नाही. उपाय एकच, गप्पी मासे. बोटाच्या पेरापेक्षा लहान मासा, पण अळ्या खाण्यात कोणाला हार जाणार नाही. पालघरच्या कचेरीमागे एका हौदात आम्ही ते वाढवत होतो.

दुधाची किटली भरून मासे घेतले आणि सफाळ्याच्या गाडीत बसलो. माझ्या शेजारी एक मासळीवाली, पाट्या रिकाम्या करून घरी चाललेली. तिने किटलीकडे पाहिलं.

"काय रं यात? दूध?"

"मासे."

"बगू." तिने झाकण उघडून आत नजर टाकली, मग माझ्याकडे, मग पुन्हा आत. "अगं बाय! ही मासळी? कालवणाला नेतोस का डोळ्यात घालायला?"

सगळा डबा हसला. मी तिला अळ्या, डास, ताप सगळं समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं आणि उतरताना सांगून गेली, "समदं खरं, पण त्यांना मोठं व्हायला सांग." सफाळ्याहून सायकलने एडवण. वाटभर किटली मांडीशी सांभाळत गेलो. मासे विहिरीत सोडले. सुमन खिडकीतून बघत होती, काकींनी हात जोडले. मला फार बरं वाटलं.

पुढच्या खेपेला बादली सोडली तर अळ्या तशाच आणि मासा एकही नाही.

होतं असं कधी कधी, मासे दगावतात. पुन्हा किटली, पुन्हा गाडी, पुन्हा सायकल. पुन्हा मासे गायब. मेले असते तर एखादा तरी तरंगताना दिसला असता. आता माझ्यातला पोलीस जागा झाला. पहिला संशय खंड्यावर. पण विहिरीवर फांद्या एवढ्या दाट होत्या की खंड्याला सूर मारायला जागाच नव्हती. मग साप? बेडूक? मग कोणी शेजाऱ्याने जाळी टाकली असेल? मी एका शेजाऱ्याला आडून आडून विचारलं, तर तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. जनूभाऊंना सरळ विचारलं, "भाऊ, या विहिरीत मासे खाणारं काही आहे का?"

त्यांनी विचार करून सांगितलं, "नाय. काय नाय."

तिसऱ्या खेपेला गाडी उशिरा आली आणि मी एडवणला पोचलो तो दुपारी. एरवी मी सकाळीच येऊन जायचो. मंडळींचं जेवण उरकत होतं. मासे सोडून मी ओटीवर टेकलो. जनूभाऊ उठले, ताटातला शेवटचा भात मुठीत घेतला आणि विहिरीकडे निघाले. कठड्यावरून वाकून त्यांनी "ये रे, ये" अशी हाक मारली आणि भात टाकला. मी सहज डोकावलो. भात पडताच माझे सगळे गप्पी मासे त्यावर धावले, घोळका करून. आणि त्या घोळक्याच्या खालून एक मोठं काळपट कासव सावकाश वर आलं, तोंड उघडलं, आणि भातासकट मासे आत घेतले. मग दुसरा घास. त्याला पळावं लागत नव्हतं की शोधावं लागत नव्हतं, जेवण एका जागी वाढून येत होतं.

"भाऊ!" मी ओरडलोच. "हे काय?"

"कासव," जनूभाऊ म्हणाले.

"अहो, पण मी तुम्हाला विचारलं होतं ना, विहिरीत काही आहे का म्हणून?"

"तुमी इचारलंत मासे खाणारं काय हाय का. कासव भात खातो."

आमच्या किनाऱ्याकडे विहिरीत कासव असणं इतकं नित्याचं, की 'विहिरीत काय आहे' या प्रश्नाच्या उत्तरात कोणी ते धरतच नाही. ते पाणी साफ ठेवतं, अशी समजूत. हे कासव जनूभाऊंच्या वडिलांनी विहिरीला पहिलं पाणी लागलं त्या दिवशी सोडलेलं. "माज्यापेक्षा मोठा हाय तो," जनूभाऊ म्हणाले. ते पोर होते तेव्हा वडील भात टाकायचे, वडील गेल्यावर ते टाकू लागले. एकही दुपार चुकली नव्हती, आणि ते बाहेरगावी असले तर सुमन टाकायची.

मी ओटीवर बसून नीट समजावून सांगितलं. कासव असेपर्यंत मासे टिकणार नाहीत, मासे नसले तर अळ्या राहणार, अळ्यांचे डास होणार आणि डास सुमनला चावणार. कासवाला दुसरीकडे सोडावं लागेल. जनूभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कासव काढला की विहीर आटते."

"असं काही नसतं, भाऊ."

"तुमाला काय ठाव? आणि आटो नायतर नको आटो. बापाने सोडलेला हाय. घरातल्या म्हाताऱ्याला उचलून बाहेर ठेवतात काय?"

काकी चिडल्या. "आणि पोरीचं काय? गेल्या साली जे झालं ते पुन्ना बगायचं का?" माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता आणि मला त्या माणसाचा रागही येत नव्हता. कासवाने त्यांच्याकडे मान वर करून कसं पाहिलं होतं, ते मी नुकतंच बघितलं होतं.

तेवढ्यात दाराआडून सुमन बोलली. सासऱ्यांसमोर ती बोललेली मी कधी ऐकली नव्हती. तापाने आवाज बारीक झालेला. "मामा, त्याला राहू द्या. मी आईकडे जाते. बाळंतपण होऊन सगळं नीट झालं की येईन. तो कुठे जाईल बिचारा? त्याला बाहेरचं काय माहीत?"

जनूभाऊंनी दाराकडे पाहिलं. सुनेशी बोलायची सवय नसलेला माणूस. मग माझ्याकडे तोंड करून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही बाहेर जायची नि कासव आत ऱ्हायचा? असं कुठं असतं काय?" आणि उठून धोतराचा काचा मारला.

विहिरीत उतरायला दगडी पायठण्या होत्या. मी म्हटलं, दोन गडी बोलावू, जाळी आणू. ते म्हणाले, "कशाला? तो येल." कमरेएवढ्या पाण्याशी येऊन ते एका पायठणीवर टेकले, दोरीने सोडलेली टोपली पाण्यात बुडवली आणि काकींनी वरून दिलेला भात हातावर घेतला. "ये रे." कासव आलं. जेवण होऊन तासही झाला नव्हता, पोट भरलेलं, तरी ते आलं, कारण हाक मारणारा ओळखीचा होता. ते टोपलीवर आलं तशी जनूभाऊंनी टोपली उचलली. त्याने पाय झाडलेसुद्धा नाहीत. डासांखेरीज कुठल्या प्राण्याशी माझा संबंध नव्हता, आणि असला प्रसंग आमच्या प्रशिक्षणात शिकवला नव्हता.

ओलं गोणपाट घालून टोपली डोक्यावर घेतली आणि जनूभाऊ देवळामागच्या तळ्याकडे चालू लागले. मी मागे. वाटेत भेटणारे विचारत, "काय, भाऊ, काय नेताव?" ते सांगत, "कासव." विचारणाऱ्याचा चेहरा उतरायचा आणि तो बाजूला व्हायचा. तळ्याच्या काठाशी त्यांनी टोपली तिरकी केली. कासव बराच वेळ तसंच बसून राहिलं. मग पाण्यात शिरलं. जनूभाऊंनी वाकून नमस्कार केला आणि मागे न बघता घरी आले.

पुढल्या किटलीतले मासे टिकले. वाढले. महिन्याभराने बादली सोडली तर अळी औषधालासुद्धा नाही, नुसते गप्पी. सुमनच्या गोळ्याही नेमाने चालू होत्या. गोळ्यांनी किती काम केलं आणि माशांनी किती, हे मला सांगता येणार नाही. एका घराच्या अनुभवावरून मोठ्या गप्पा मारू नयेत, हे या धंद्यात लवकर शिकायला मिळतं. आम्ही तर सगळ्या तालुक्यातून हिवताप हद्दपार करणार असं त्या वर्षांत छातीठोक सांगत होतो. पुढे तो परत आला आणि आम्हाला तोंड लपवावं लागलं. पण सुमनचा ताप काही परत आला नाही. माघात तिला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट. विहीर आटली नाही, हेही सांगून टाकतो.

नंतर माझं काम बोईसरच्या बाजूला वाढलं आणि एडवणला जाणं राहिलं. दीडएक वर्षाने पुन्हा गेलो तेव्हा काकी म्हणाल्या, "भाऊ तळ्यावर गेलेत." दुपारची वेळ. मी तळ्याकडे वळलो. जनूभाऊ काठावर बसलेले, एका मांडीवर नात, एक मूठ मिटलेली. पाण्याकडे बघून हाक मारत होते, "ये रे, ये."

मी जाऊन शेजारी बसलो. "भाऊ, रोज येता काय?"

"रोज नाय. जेवण झालं की येतो."

"दिसतो का?"

"एकदा दिसला. मान काडून बगितलं नि गेला खाली." ते पाण्यावरून नजर न काढता म्हणाले, "रागावलाय. बरोबर हाय त्याचं. आपण फसवून आणला ना."

तळं मोठं आहे, तिथे खायला भरपूर आहे, कासवाला राग नसतो, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी आम्ही तिघं पाण्याकडे बघत बसलो. पाणी हललं नाही. तेवढ्यात नातीने आजोबांच्या मुठीत बोट खुपसलं, फटीतून एक शीत काढलं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. जनूभाऊंनी खाली पाहिलं. मला वाटलं, ते मूठ बाजूला घेतील.

त्यांनी मूठ उघडली आणि तिच्यापुढे धरली.

"खा, बाय," ते म्हणाले. "तुज्याच वाट्याचा हाय."